शाळांच्या पैशासाठी कोर्ट, संप की मतपेटी?

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ परिसरात, एजवूड आणि अलामो हाइट्स असे दोन शालेय जिल्हे, म्हणजे शाळा चालवणारे आणि त्यासाठी स्थानिक कर गोळा करणारे भाग, आहेत. १९६७-६८ साली एजवूडचे लोक मालमत्तेच्या दर १०० डॉलरमागे १ डॉलर ५ सेंट शाळा-कर भरत होते, अलामो हाइट्सचे ८५ सेंट. म्हणजे कराचा दर एजवूडचा जास्त. तरीही त्या करातून एजवूडच्या हाती एका मुलामागे २६ डॉलर आले आणि अलामो हाइट्सच्या हाती ३३३. एजवूडमधली बहुतेक वस्ती मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची, घरांची किंमतच कमी. किमतीवर कर, करावर शाळा. राज्य आणि केंद्राचे पैसे मिळवल्यावरही एका मुलामागे एकीकडे ३५६ डॉलर आणि दुसरीकडे ५९४.

एजवूडच्या पालकांनी यावर खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. तेव्हापासून ही लढाई एकेका राज्यात लढली जाते आहे. कुठे कोर्टात, कुठे रस्त्यावर, कुठे मतपेटीतून. शिक्षक संघटना या तिन्ही ठिकाणी आहेत, पण प्रत्येक ठिकाणी त्यांचं बळ वेगळं आणि हाती येणारं फळही वेगळं.

तुम्ही एखाद्या शिक्षक संघटनेच्या कार्यकारिणीवर असाल आणि पुढच्या दोन-तीन वर्षांची ताकद कुठे लावायची हे ठरवायचं असेल, तर तिन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवून बघणं गरजेचं आहे. उदाहरणं मी अमेरिकेचीच घेतो आहे, कारण तिथे तिन्ही वाटा पुरेशा लांबपर्यंत चालून झाल्या आहेत.

कोर्ट

कोर्टाचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे ते मोजमाप ठरवून देतं. केंटकीत १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची अख्खी शाळाव्यवस्थाच राज्याच्या स्वतःच्या घटनेनुसार घटनाबाह्य ठरवली आणि मुलाला शाळेतून काय-काय मिळालं पाहिजे हे निकालातच लिहून दिलं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने नवा कायदा आणि त्यासाठी करवाढ मंजूर केली. न्यू जर्सीत तर १९७६च्या जुलैत कोर्टाने शाळांवर पैसा खर्च करायलाच मनाई केली. शाळा बंद पडल्यावर काही दिवसांतच राज्यात पहिल्यांदा आयकर आला. त्याच राज्यात १९९८ साली कोर्टाने गरीब जिल्ह्यांतल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्व-प्राथमिक वर्ग सुरू करायला लावले. वाटाघाटीच्या टेबलावर कुठलीही संघटना एवढं मिळवू शकली नसती, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. त्या मुलांचे पालक कुणाच्याच सभासद यादीत नव्हते.

पण वेळ बघा. वॉशिंग्टन राज्यात २००७ साली खटला दाखल झाला. पालक, शालेय जिल्हे आणि शिक्षक संघटना असे सगळे एका आघाडीत होते. २०१२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. विधिमंडळ हललं नाही, म्हणून २०१४ साली कोर्टाने अवमान झाल्याचं जाहीर केलं आणि २०१५च्या ऑगस्टपासून राज्याला दिवसाला १ लाख डॉलर दंड लावला. प्रकरण मिटलं ते २०१८ साली. २००७ साली पहिलीत गेलेलं मूल तोवर शाळा संपवण्याच्या बेतात आलं होतं.

आणि त्यानंतरही एक गोष्ट घडली. राज्याने पैसा दिला, पण तो शिक्षकांच्या पगारात उतरावा म्हणून त्याच वर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत संप झाले. कोर्ट तिजोरीचं दार उघडतं, पैसा वर्गापर्यंत पोचवायचं काम संघटनेलाच करावं लागतं.

खटल्यात आणखी एक तोटा आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. दहा वर्षं खटला वकील चालवतात आणि सभासद पुढच्या तारखेची वाट बघतात. एवढ्या काळात शाळाशाळांतले प्रतिनिधी बदलतात, काही निवृत्त होतात, बैठका ओस पडतात. निकाल येतो तेव्हा तो पेलायला संघटनेत माणसंच उरलेली नसतात.

संप

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच वाटेबद्दल आहेत.

२०१८ साली वेस्ट व्हर्जिनियात सरकारी नोकरांना संपाचा कायदेशीर अधिकार नव्हता. पगार तुटपुंजे, आरोग्यविम्याचा बोजा वाढत चाललेला. २२ फेब्रुवारीला राज्यातल्या सगळ्या, म्हणजे ५५ काउंटींमधल्या शाळा बंद पडल्या. पाच दिवसांनी गव्हर्नर आणि संघटनांच्या नेत्यांनी तोडगा निघाल्याचं जाहीर केलं, पण शिक्षकांनी तो मानला नाही. कागदावर सही झाल्याशिवाय वर्गात जाणार नाही, असं म्हणत ते बाहेरच राहिले. ६ मार्चला पाच टक्के वाढीच्या कायद्यावर सही झाली. ती वाढ शिक्षकांबरोबरच राज्याच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळाली.

हे टिकलं कसं? संपाआधी आणि संपाच्या काळात शिक्षकांनी मुलांसाठी जेवणाची पाकिटं भरली. शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेलं मूल संपामुळे उपाशी राहू नये, याची काळजी संप करणाऱ्यांनी घेतली. पालक त्यांच्या बाजूने उभे राहिले त्यात याचा मोठा वाटा होता, असं मला मनापासून वाटतं. संपाचं बळ मोजताना आपण किती शाळा बंद पडल्या ते मोजतो. किती घरांनी ते सोसायची तयारी दाखवली, हा आकडा जास्त महत्त्वाचा आहे.

ओक्लाहोमाची गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी वाचावी लागते. तिथे १९९२ सालच्या जनमताने एक अट घातली होती : विधिमंडळाला कर वाढवायचा तर तीन-चतुर्थांश मतं हवीत. त्यामुळे वर्षानुवर्षं कर वाढलाच नाही. कित्येक जिल्ह्यांनी शाळेचा आठवडा चार दिवसांवर आणला, मुलं फाटक्या, जुन्या पाठ्यपुस्तकांवर शिकत राहिली. २०१८ साली एप्रिलमध्ये संप होणार हे दिसू लागताच मार्चच्या अखेरीस तेल-वायू उत्पादन, सिगारेट आणि इंधन यांवरचे कर वाढवणारा कायदा आला आणि शिक्षकांना सरासरी ६,१०० डॉलरची वाढ मिळाली. संप सुरूही झाला नव्हता. त्यानंतर २ ते १२ एप्रिल असा संप झाला, आणि त्यातून वर्गखर्चासाठी फारसं काही वाढीव मिळालं नाही. जे मिळायचं ते बरंचसं संपाच्या इशाऱ्यानेच मिळालं होतं. कार्यकारिणीत हे उदाहरण जरूर मांडा : संप पुकारण्याआधीच्या आठवड्यांतली मागणी जितकी नेमकी, तितकं पदरात जास्त.

लॉस एंजेलिसमध्ये २०१९च्या जानेवारीत सहा शालेय दिवस संप झाला. सहा टक्के पगारवाढ प्रशासन आधीच देऊ करत होतं. भांडण वर्गाच्या आकाराचं होतं. कराराच्या एका कलमामुळे प्रशासनाला पटसंख्येची मर्यादा बाजूला ठेवता येत होती. ते कलम निघालं. प्रत्येक शाळेत पूर्णवेळ नर्स आणि माध्यमिक शाळांना ग्रंथपाल द्यायचं ठरलं. शिक्षकांचा संप म्हणजे पगाराचा संप, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा करार वाचावा.

संपाची मर्यादाही तितकीच ठळक आहे. शिकागोत २०१२ साली सात शालेय दिवसांचा मोठा, लोकांच्या पाठिंब्याचा संप झाला, आणि पुढच्याच वर्षी शहराने पन्नासच्या आसपास सरकारी शाळा बंद केल्या. त्यातल्या बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. संप आजच्या करारात पैसा आणतो. उद्याच्या अर्थसंकल्पात तो पैसा कुठून येणार, हे संप ठरवू शकत नाही. आणि एका जिल्ह्यापुरता संप असेल तर एजवूड आणि अलामो हाइट्समधली दरी जिथल्या तिथे राहते, कारण एजवूडच्या प्रशासनाशी कितीही भांडलं तरी त्याच्या तिजोरीत पैसाच नसतो. असमान निधीच्या प्रश्नावर संप करायचा तर तो राज्यपातळीवरच करायला हवा.

मतपेटी

कर लावण्याचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे न्यायचा, ही तिसरी वाट. ती शिक्षक संघटनांना जितकी उपयोगी पडली तितकीच नडलीही आहे. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनीच मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधून टाकला आणि करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढू नये असं ठरवलं. शाळांचा स्थानिक पैसा त्याने आटला. २०२० साली मोठ्या व्यापारी मालमत्तांपुरती ही मर्यादा उठवायचा प्रस्ताव आला, शिक्षक संघटनांनी त्यासाठी जीव तोडून काम केलं, आणि तो सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी पडला. तिथेच २०१२ साली श्रीमंतांवरच्या वाढीव आयकराला मात्र मतदारांनी होकार दिला होता आणि २०१६ साली त्याची मुदतही वाढवली.

ॲरिझोनाचा अनुभव सगळ्यात कडवट आहे. तिथल्या २०१८च्या शिक्षक-संपानंतर, शाळांसाठी कराचा प्रस्ताव मतदानाला यावा म्हणून संघटनांनी सह्या गोळा केल्या, कोर्टाने प्रस्ताव मतपत्रिकेवरून काढला. पुन्हा सह्या गोळा केल्या. २०२० साली अडीच लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर साडेतीन टक्के अधिभार मतदारांनी मंजूर केला. शाळांच्या खर्चावर राज्याच्या घटनेतली १९८० सालची मर्यादा मध्ये आली आणि २०२२ साली कोर्टाने तो अधिभार रद्द केला. निवडणूक जिंकूनही एक पैसा शाळेत पोचला नाही.

मॅसॅच्युसेट्सने हा धोका वेगळ्या रीतीने टाळला. २०१८ साली कोर्टाने त्यांचाही प्रस्ताव अडवला होता. मग त्यांनी लांबचा रस्ता धरला : घटनादुरुस्ती विधिमंडळाच्या दोन सलग कार्यकाळांत मंजूर करून घेतली आणि मग २०२२च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे नेली. १० लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर चार टक्के अधिभार, आणि तो पैसा शिक्षण व वाहतुकीसाठीच. राज्यातल्या शिक्षक संघटना, धार्मिक संस्था आणि वस्तीपातळीवरचे गट यांची आघाडी यामागे अनेक वर्षं उभी होती. सुमारे ५२ टक्के मतं मिळाली. पहिल्याच पूर्ण आर्थिक वर्षात २ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम आली. तरतूद घटनेतच असल्यामुळे ॲरिझोनासारखं तिला बाजूला सारणं सोपं नाही. शिक्षकांच्या संपाला बंदी असलेल्या राज्यात हे घडलं, हेही ध्यानात घ्या.

मग कुठली वाट धरायची?

माझं मत मी स्पष्ट सांगतो. आधी पैसा नेमका कुठे अडला आहे ते शोधा. सरकारकडे आहे पण देत नाही, अशी स्थिती असेल तर संप, आणि संपाच्या आधीची तयारी. पैसा येण्याची वाटच कायद्याने बुजवली असेल, कराची मर्यादा किंवा जास्त बहुमताची अट असेल, तर कितीही मोठा संप केलात तरी एका टप्प्यापुढे जाणार नाही. तिथे करासाठीच लोकांपुढे जावं लागेल, आणि त्याआधी घटनेतला प्रत्येक अडसर वकिलाकडून तपासून घ्यावा लागेल. आणि पैसा आहे पण तो श्रीमंत भागाकडे वळतो आहे, गरीब वस्त्यांकडे बहुमतच नाही, तर कोर्ट. अल्पसंख्य वस्तीला मतपेटीत न्याय मिळेलच असं नाही.

एकच वाट निवडायची वेळ आली तर मी कायमस्वरूपी कराची निवडेन, ती सगळ्यात कष्टाची असली तरी. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात गरीब घरातल्या मुलांसाठी बारा वर्षं सलग दहा टक्के जास्त खर्च झाला, तर मोठेपणी त्यांची कमाई सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढते, असं आढळलं. यातला ‘बारा वर्षं सलग’ हा भाग महत्त्वाचा आहे. एका करारापुरता आलेला पैसा दुसरीतल्या मुलाला सातवीपर्यंतही साथ देत नाही.

पण करासाठी दारोदार फिरायला माणसं लागतात, आणि ती माणसं संपाच्या तयारीतूनच तयार होतात. म्हणून कार्यकारिणीत आज कुठलाही ठराव झाला तरी पहिलं काम तेच राहील : प्रत्येक शाळेत एक प्रतिनिधी, आणि त्या प्रतिनिधीच्या वहीत त्या शाळेतल्या निदान वीस पालकांचे फोन नंबर.