‘कोर्ट’ की ‘द डिसायपल’?

दिवाळीच्या सुट्टीत चैतन्य ताम्हाणेचे दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले. आधी ‘कोर्ट’ (२०१४), दुसऱ्या रात्री ‘द डिसायपल’ (२०२०). दोन्ही संथ, कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसलेला. आमच्या घरात ‘डिसायपल’ सुरू झाल्यावर विसाव्या मिनिटाला निम्मे लोक झोपले, हे आधीच सांगून टाकतो.

माझं मत ‘कोर्ट’ला. गटारात मेलेल्या कामगाराला म्हणे एका शाहिराच्या गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा आरोप! पण सिनेमा खटल्यात अडकत नाही, माणसांच्या मागे त्यांच्या घरापर्यंत जातो. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कोर्टातून निघते, लोकलमध्ये साडीवर गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. इतकी आपल्यातली, की तिचा राग धड करता येत नाही. आणि ते न्यायाधीश! बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून तिचं प्रकरण त्या दिवशी ऐकतच नाहीत. हसलो, मग कसंनुसं झालं.

‘डिसायपल’मधला शरद शास्त्रीय संगीतातलं ख्यालगायन शिकतोय; गातो बरा, पण ‘बरा’च. रात्री रिकाम्या मुंबईत बाइक चालवताना कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची शिकवण, तो आवाज सुमित्रा भावेंचा, आणि गाडी जणू तरंगतेय. तेवढे प्रसंग मी पुन्हा लावून पाहिले. ख्यालाची गोडी असेल तर इथून सुरुवात करा. नसेल तर ‘कोर्ट’च, तेही जेवणं उरकल्यावर, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.