दुसऱ्या कर्मचाऱ्याचे सेवा अभिलेख हवेत : माहिती अधिकार, न्यायालय की चौकशीतली मागणी?

सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्याला पदोन्नती मिळाली. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचा खरा पगार दाखवायचा आहे. निवड झालेल्या उमेदवाराच्या जात प्रमाणपत्राबद्दल शंका आहे. किंवा स्वतःवर विभागीय चौकशी लागली आहे आणि बचावासाठी दुसऱ्याची नस्ती (फाईल) हवी आहे. चारही प्रसंगी सल्ला एकच मिळतो, ‘माहिती अधिकारात अर्ज टाका’. शासकीय कार्यालयाकडून दुसऱ्याचे गोपनीय अभिलेख मिळवण्याचा तो एकच मार्ग नाही, आणि बरेचदा तो चुकीचाही ठरतो.

मार्गांमधला खरा फरक एका प्रश्नात आहे : तुमची गरज कोण बघतो? माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही. ही सोय मोठी आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की तुमची वैयक्तिक निकड तिथे जवळपास मोजलीच जात नाही. वैयक्तिक माहिती उघड व्हायची तर कलम ८(२) खाली सार्वजनिक हित दाखवावे लागते. न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात नेमके उलटे घडते. कारण सांगावेच लागते, आणि कागद दाव्याशी संबंधित ठरला की तुमची खासगी गरजही पुरेशी होते.

माहिती अधिकार : स्वस्त, पण व्यक्तीच्या फाईलपाशी अडतो

राज्य शासनाच्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ मधील अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, प्रतींना पानाला २ रुपये. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. केंद्राच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टँप चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर लावा. शब्दमर्यादा तिथे ५०० आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती त्रयस्थ व्यक्तीची असून ती देण्याचा विचार असेल, तर कलम ११ प्रमाणे जन माहिती अधिकारी ५ दिवसांत त्या व्यक्तीला नोटीस देतो, तिला म्हणणे मांडायला १० दिवस मिळतात आणि निर्णयाची मुदत ४० दिवसांवर जाते. म्हणजे तुम्ही काय मागितले हे त्या व्यक्तीला कळते. पुढे दावा लढवायचा असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

अडचण शुल्काची नाही, कायद्याच्या वाटचालीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे प्रकरणात (२०१२) कर्मचाऱ्याला मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश आणि मालमत्तेचा तपशील ही वैयक्तिक माहिती ठरवली. कॅनरा बँक प्रकरणात (२०१७) लिपिकांच्या नेमणुका आणि बदल्यांचा तपशीलही त्यात बसवला. २०१९ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने शैक्षणिक पात्रता, मूल्यमापन, गोपनीय अहवाल, शिस्तभंग कारवाई आणि वैद्यकीय अभिलेख वैयक्तिक माहितीत मोडतात असे सांगितले. तरीही वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या जुन्या कलम ८(१)(ञ) मध्ये एक फट होती : सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणात अकारण घुसणारी माहितीच नाकारायची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ती फट बुजवली. आता ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ एवढेच कारण नकाराला पुरते. कलम ८(२) शिल्लक आहे, आणि अपिलात सगळा जोर तिथेच लावावा लागतो. म्हणून जुने अनुकूल निर्णय जोडताना जपून. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये जाहीर भरतीतल्या इतर उमेदवारांचे गुण देता येतात असे म्हटले, पण ते जुन्या शब्दरचनेवर उभे आहे. सार्वजनिक भरतीच्या पारदर्शकतेचा त्यातला मुद्दा घ्या, फक्त निकालाचा हवाला देऊन थांबू नका.

मग इथे मागायचे काय? व्यक्तीचा कागद मागू नका, निर्णयाचा मागा. ‘अमुक यांचे सेवापुस्तक व पाच वर्षांचे गोपनीय अहवाल द्यावेत’ हा अर्ज नाकारला जाणारच. त्याऐवजी असे लिहा : ‘अमुक संवर्गाची अमुक दिनांकाची अंतिम ज्येष्ठता यादी, त्या संवर्गाची बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याची नोंद), पदोन्नतीसाठी विचारक्षेत्रात घेतलेल्यांची (म्हणजे ज्यांचा विचार झाला त्यांची) यादी, निवड समितीचे इतिवृत्त आणि पदोन्नतीचा आदेश.’ हे कार्यालयाच्या कामाचे कागद आहेत. इतिवृत्तात कुणाची प्रतवारी असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून उरलेले द्यावे, अशी विनंती अर्जातच करा. त्या निर्णयाची झळ तुम्हाला लागली असेल तर कलम ४(१)(घ) चा उल्लेख करा, कारण बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे कळवणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. दरमहा वेतनाची माहिती तर कलम ४(१)(ख) खाली कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायची असते. त्यात कपाती सापडत नाहीत, मूळ आकडा मात्र मिळतो. प्रती मागण्याआधी अभिलेख पाहणी मागणे पुष्कळदा शहाणपणाचे. पहिला तास विनाशुल्क असतो आणि नस्तीत नेमके कोणते पान आहे ते कळते.

नकार आला तर कलम ७(८) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे पद त्यात आहे का बघा. ‘त्रयस्थ पक्षाची हरकत आहे’ हे एकटे कारण होत नाही. हरकत विचारात घ्यायची असते, निर्णय अधिकाऱ्याचाच. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत, राज्यात दोन्हींना २० रुपयांचा स्टँप. दुसरे अपील माहिती आयोगाकडे फार रखडते, आणि घात होतो तो इथेच. राज्य कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागण्याची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्ष आहे. माहितीची वाट बघत बसल्याने ती थांबत नाही.

न्यायालय आणि न्यायाधिकरण : खर्च जास्त, पोच खोल

पदोन्नतीचा वाद असेल आणि आदेशाला आठ-नऊ महिने झाले असतील, तर आधी न्यायाधिकरणात अर्ज दाखल करा. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २२(३) खाली त्याला कागद हजर करवून घेण्याचे आणि सरकारी अभिलेख मागवण्याचे अधिकार आहेत. माहिती अधिकारात न मिळणारी प्रतवारी तिथे पीठासमोर येऊ शकते. तुमच्या हाती प्रत पडेलच असे नाही, पण निर्णय तपासला जातो.

पोटगीच्या दाव्यात तर माहिती अधिकाराचा वळसाच घेऊ नये. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) निकालानंतर दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र द्यावे लागते. ते खोटे वाटले तर कार्यालयाकडून वेतनाचे कागद मागवण्यासाठी अर्ज करा. त्यात नुसते ‘पगाराची माहिती’ असे लिहू नका. पदनाम, कार्यालय, आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाचे पगार काढून वाटणारा अधिकारी), कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतच्या वेतनचिठ्ठ्या, आणि कर्ज व भविष्य निर्वाह निधीच्या कपातींचे विवरण, असे नेमके मागा. ऐच्छिक कपाती वाढवून हाती येणारा पगार कमी दाखवणे हा नेहमीचा प्रकार असतो, तो तिथेच उघडा पडतो.

जात प्रमाणपत्राच्या शंकेत मुळात प्रत मिळवण्याचा हट्टच सोडा. तुम्हाला तपासणी हवी आहे, छायाप्रत नव्हे. नियुक्ती आदेशातून प्रवर्ग कळतो. तेवढ्यावर जात पडताळणी समितीकडे आणि नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे आधारासह तक्रार करता येते. समिती मूळ कागद स्वतः मागवू शकते.

विभागीय चौकशी : बहुतेक जण विसरतात तो मार्ग

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ८ अपचारी (ज्याच्यावर आरोप आहेत त्या) कर्मचाऱ्याला बचावासाठी जादा कागद मागण्याची संधी देतो. दोषारोपपत्रासोबतच्या यादीत नसलेले कागदही मागता येतात. यासाठीची मुदत दिवसांत मोजली जाते, महिन्यांत नाही, म्हणून पहिल्या सुनावणीलाच लेखी यादी तयार ठेवा. प्रत्येक कागदासमोर तो कोणत्या दोषारोपाच्या बचावासाठी लागतो, ते एका ओळीत लिहा. ही ओळ नसेल तर चौकशी अधिकारी ‘असंबद्ध’ म्हणून नाकारतो. ती असताना नाकारले तर कारण नोंदवावे लागते, आणि नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर अपिलात ती नोंद कामी येते. सहकाऱ्याचे हजेरीपत्रक, त्या दिवसाचा आवक-जावक उतारा, कामवाटपाचा आदेश, असे कागद इथे मिळण्याची शक्यता माहिती अधिकारापेक्षा कितीतरी जास्त असते. तोंडी मागणी मात्र करू नका. रोजनाम्यात (चौकशीच्या दैनंदिन नोंदीत) नोंद झाली नाही तर ती कधी झालीच नव्हती असे धरले जाते.