खिळा एक, पंक्चर पाच

ट्युबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी तो उपसला जाईपर्यंत हवा सहसा हळूहळूच उतरते, कारण भोवतालचे रबर आणि आतला हवाबंद थर खिळ्याला घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे अशी गाडी बराच पल्ला नीट चालते आणि चालकाला पत्ताही लागत नाही. याउलट एकाच टायरला पाच उघडी भोके असतील, तर ती गाडी पूर्ण वेगाने, स्टिअरिंग जराही न ओढता, रस्त्याच्या कडेपर्यंत येणे जवळपास अशक्य आहे. महामार्गावर माझ्या गाडीला नेमकी अशी ‘पाच पंक्चर’ निघाली. त्यांतले एक खरे होते आणि उरलेली चार माझ्या पाठीमागे, किंबहुना शेवटचे तर डोळ्यांदेखत, पाडण्यात आली. ती कशी पाडली गेली हे सविस्तर लिहीत आहे, कारण या फसवणुकीचा सगळा डोलारा सुरक्षिततेच्या अगदी योग्य सूचनांवर उभा होता.

गाडी मी चालवत होते आणि शेजारी माझे सासरे होते. मागून आलेल्या एका दुचाकीस्वाराने मागच्या चाकाकडे बोट दाखवून हवा कमी असल्याची खूण केली आणि तो पुढे निघून गेला. रस्त्याची कडा रुंद आणि सपाट आहे अशा ठिकाणी मी गाडी घेतली आणि चारही इंडिकेटर लावले. चाक कडेच्या बाजूचे होते आणि टायर खरोखरच बसत चालला होता. डिकीतून जॅक आणि पाना काढते न काढते तोच अवजारांची पिशवी लटकवलेल्या मोटारसायकलवरून एक माणूस येऊन थांबला.

“ताई, स्टेपनीच्या भानगडीत कशाला पडता? ट्युबलेस आहे, जागेवरच भोकात रबराची स्ट्रिप भरून देतो. उगाच हात काळे करू नका.”

दर विचारला तेव्हा त्याने एका पंक्चरचा दर सांगितला आणि तो वाजवी होता. बोलता बोलता तो डिकीत वाकला, स्टेपनीवर तळहात दाबून म्हणाला, “ही पण बसलीय बघा.” प्रवासाला निघण्यापूर्वी स्टेपनीची हवा मी तपासून घेतली होती आणि तसे त्याला सांगितलेही. “पडून पडून उतरते, ताई,” असे उत्तर त्याने तयारच ठेवले होते. त्यानंतर त्याने माझी इतकी काळजी घेतली की विचारू नका. मागून गाड्या वेगाने येत आहेत तेव्हा धोक्याचा लाल त्रिकोण लांब नेऊन ठेवा, बाबांना गाडीत बसवू नका, कठड्यापलीकडे घेऊन जा, तुम्हीही रस्त्याच्या बाजूला उभ्या राहू नका, असे एकामागून एक तो सांगत गेला. यातली एकही सूचना चुकीची नव्हती. जॅकवर गाडी चढवताना आत कोणी बसू नये, हे खरेच आहे. त्रिकोण किमान ५० मीटर मागे असावा आणि वेगवान मार्गावर त्याहूनही लांब असावा, हेही खरे. या सगळ्या खऱ्या गोष्टींचा मिळून एक परिणाम मात्र असा झाला की, गाडी, टायर आणि स्टेपनी यांच्याजवळ काही मिनिटे त्याच्याखेरीज कोणीही उरले नाही.

सासऱ्यांना सावकाश कठड्यापलीकडे नेऊन, त्रिकोण ठेवून मी परतले तेव्हा चाक उतरवून आडवे टाकलेले होते आणि त्यावर खडूने तीन गोल केलेले होते. साबणाचे पाणी टाकले की तिन्ही ठिकाणी बुडबुडे येत होते. स्टेपनी दाबून पाहिली, तर ती आता खरोखरच मऊ झालेली होती. मी चाकाशेजारीच उभी राहिले, तरी त्याचे शोधकाम थांबले नाही. चौथे पंक्चर त्याने कडेच्या उतारावर, म्हणजे जमिनीला टेकणारी नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते त्या भागात दाखवले. पाचव्याच्या वेळी त्याच्या डाव्या हातात ओले फडके होते. त्या फडक्याने तो त्याच उतारावरची एक खाच पुसत होता, दोन बोटे खाचेवरून सरकत होती, आणि बोटांच्या मधून फडक्याआडून सुईसारखे बारीक, काळपट टोक क्षणभर बाहेर आले. मनगटाला हलका झटका बसला, फडके उचलले गेले, त्या जागी पाणी शिंपडले गेले आणि “हे बघा, अजून एक” म्हणून बुडबुडे मला दाखवण्यात आले.

फडके उघडून दाखव, असे मी त्याला बजावले. त्याने ते पिशवीत कोंबले आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाला, “मग भरू नको का? तसेच सोडून जातो.” चाक उतरलेल्या गाडीच्या मालकाला घासाघीस करता येत नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते. गाडी जॅकवर, टायर चाळणी झालेला, स्टेपनी मऊ आणि कठड्यापलीकडे वयस्कर माणूस, अशा स्थितीत मी पाचही पंक्चरचे पैसे मोजले. कडेच्या दोन भोकांना ‘साइडचे काम’ म्हणून दर दुप्पट लागला. चाक बसवताना त्याने नट गाडी वर असतानाच कसल्यासारखे केले, जॅक उतरवला आणि नट जमिनीवर पुन्हा न आवळता तो निघून गेला. थोड्याच अंतरावर चाकातून ठक्‌ ठक्‌ आवाज येऊ लागला म्हणून मी पुढच्या पेट्रोल पंपावर थांबले, तर त्यातले काही नट पान्याला जोर न लावताच फिरले. पैशांचे नुकसान सोसता येते, पण भर वेगात चाक निसटले असते तर ते निस्तरता आले नसते, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा आला.

टायरच्या दुकानात कारागिराने टायर रिमवरून उतरवून आतून विजेरी मारली. स्ट्रिप भरण्याआधी दातेरी सळईने भोक रुंद करावे लागते, त्यामुळे बाहेरून पाचही भोके सारखीच दिसत होती. आतून मात्र फरक उघड होता. खऱ्या पंक्चरची वाट तिरकी होती आणि भोवती गंजाचा तांबूस डाग पसरलेला होता. बाकीची चार भोके सरळ, स्वच्छ होती आणि त्यांच्याभोवती डागाचा मागमूस नव्हता. स्टेपनीच्या व्हॉल्व्हमधली बारीक पिन कोणीतरी अर्धवट सैल केलेली निघाली आणि व्हॉल्व्हचे टोपण डिकीतल्या गालिच्याखाली सापडले. पिन आवळून हवा भरल्यावर ती स्टेपनी पाण्यात बुडवून पाहिली, तर एकही बुडबुडा आला नाही.

खरे नुकसान इथे कळले. नक्षीच्या मधल्या पट्ट्यात सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचे भोक दुरुस्त करता येते, तेही टायर उतरवून, आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा दांडा आणि आतून चिकटणारी टोपी असलेले ठिगळ) बसवून. नुसती स्ट्रिप म्हणजे दुकानापर्यंत पोहोचण्याची सोय. कडेचा उतार आणि बाजूची भिंत दर फेऱ्याला वाकते, त्यामुळे तिथले ठिगळ टिकत नाही आणि असा टायर वेगात फुटू शकतो. म्हणजे एका खिळ्याची साधी दुरुस्ती पुरली असती असा, नक्षी भरपूर शिल्लक असलेला टायर त्या दोन भोकांमुळे भंगारात गेला.

अशा माणसाला उत्तर एकच : दुरुस्ती रस्त्यावर करवून घ्यायची नाही, फक्त चाक बदलायचे आणि टायर सरळ डिकीत टाकायचा. चाक बदलायला फार ताकद लागत नाही, क्रम मात्र पाळावा लागतो. जागा सपाट आणि कठीण हवी. ती मिळेपर्यंत इंडिकेटर लावून हळू पुढे जाणे बरे. त्यात टायर खराब झाला तरी चालेल, पण वळणावर, उतारावर किंवा अरुंद कडेला थांबू नये. पंक्चर चाक वाहतुकीच्या बाजूला असेल आणि कडा अरुंद असेल, तर जॅकला हातच लावू नये, सर्वांनी कठड्यापलीकडे जावे आणि मदत बोलवावी. त्रिकोण ठेवायला जातानाही तो आपल्यापुढे, येणाऱ्या गाड्यांना दिसेल असा धरून कडेकडेने चालावे; वाहतूक फारच वेगवान असेल तर तो ठेवण्यासाठी जीव धोक्यात घालण्याची गरज नाही.

हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर) आणि पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. नट अर्धा फेरा सैल करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच, कारण हवेतल्या चाकावर जोर लावला की चाक फिरू शकते आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. जॅकची जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते आणि बहुतेक गाड्यांत दरवाज्याखालच्या पत्र्यावर तिथे दोन खाचा असतात. ती सोडून दुसरीकडे लावलेला जॅक पत्रा चेपवतो किंवा निसटतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. स्टेपनी बसवल्यावर नट आधी हाताने आणि मग पान्याने समोरासमोरच्या क्रमाने बेताने आवळावेत, आणि चाक जमिनीला टेकल्यावर त्याच क्रमाने पूर्ण जोर लावावा. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. स्टेपनी लहान, तात्पुरत्या वापराची असेल, तर तिच्यावर बहुतेक ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते आणि तिच्यात हवाही नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त, सहसा ६० पीएसआय, भरावी लागते. तळहाताने दाबून तिचा अंदाज करणाऱ्यावर विसंबू नये. मी आता हवा मोजण्याचे मीटर आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप डिकीत ठेवते. व्हॉल्व्हशी कोणी खेळ केला तरी पिन आवळून दहा-पंधरा मिनिटांत स्टेपनी उभी राहते.

रस्त्यावरच दुरुस्ती करवून घेण्याची वेळ आलीच, तर चाक उतरवण्याआधी टायरचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. खिळा उपसण्याआधी तो दाखवायला सांगावे. एकही अवजार टायरला लागण्यापूर्वी पूर्ण टायरवर साबणाचे पाणी आपण स्वतः ओतावे आणि बुडबुडे येतील तिथे आपणच खूण करावी; त्यानंतर निघालेल्या कोणत्याही नव्या पंक्चरचे पैसे मिळणार नाहीत, हे कामाआधी स्पष्ट बोलावे. ज्याला हे मान्य नसते तो आपणहून काढता पाय घेतो. बरोबर दुसरे माणूस असेल, तर त्रिकोण एकाने ठेवावा आणि दुसऱ्याने कडेच्या बाजूला, चाक दिसेल असे उभे राहावे. रस्त्यावर मदत करणारे सगळेच लबाड नसतात, आणि प्रामाणिक कारागिराला आपण पाहत उभे राहिल्याचे काही वाटत नाही.

हा प्रकार आधीच घडून गेला असेल, तर पहिल्या सुरक्षित थांब्यावर नट तपासावेत, वेग कमी ठेवावा आणि टायर रिमवरून उतरवून आतून पाहून घ्यावा. कडेला भोक आढळले तर तो टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नये. पैसे मोबाइलवरून दिले असतील, तर व्यवहाराची नोंद, टायरच्या आतल्या बाजूचे फोटो आणि कारागिराने लिहून दिलेला अभिप्राय घेऊन पोलिसांत तक्रार करता येते. मी तशी केली आहे आणि तो टायर भंगारात न देता पुरावा म्हणून ठेवला आहे. नवा टायर घेताना बाजूच्या भिंतीवरच्या ‘डॉट’ क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन निर्मितीचा आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात जुना माल मारण्याची संधी त्या दुकानातही कोणी साधू शकते.