ओळखणारी वाट आणि हात नेणारी वाट

समोरचा स्क्रूड्रायव्हर दिसला की मेंदूत दोन वाटा कामाला लागतात. खालची, कानशिलाकडे जाणारी, वस्तू ओळखते. वरची, पार्श्विका खंडाकडे (मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाकडे) जाणारी, हात नेमका नेते.

1988 मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने डी. एफ. या रुग्णाची खालची वाट निकामी झाली. फट उभी की तिरकी, हे तिला सांगता येईना. पण कार्ड आत टाकायला सांगताच मनगट आपसूक वळे! अवजार ती सफाईने उचले, मात्र मुठीकडूनच धरेल याचा भरवसा नसे. योग्य टोक निवडायला ओळख लागतेच.

वरची बिघडली तर स्क्रूड्रायव्हर ओळखू येतो, पण हात बाजूला पडतो, बोटे मापात उघडत नाहीत.

वस्तू दाखवून झाका, काही सेकंदांनी पकडायला लावा: डी. एफ.ची पकड ढासळते, कारण वरची वाट आकार साठवत नाही. वरची वाट बिघडलेल्या रुग्णांची पकड मात्र अशा विलंबाने सुधारू शकते.