दोन पात्रं, एक खोली आणि अडकणारं दार: खान्देशातल्या हौशी संस्थांसाठी ‘एज्युकेटिंग रीटा’

दोन पात्री संहिता शोधणाऱ्या जळगाव, धुळे, अमळनेरच्या संस्थांनी इंग्लिश नाटककार विली रसेलचं ‘एज्युकेटिंग रीटा’ जरूर वाचावं. मात्र ‘दोनच नट, एकच नेपथ्य, म्हणजे स्वस्तात उरकेल’ या हिशेबाने हात घालू नये. मध्यंतर सोडून साधारण दोन तासांचं हे नाटक सगळं त्या दोघांच्या अंगावर आहे, आणि त्यातली एक जरी निवड चुकली तरी झाकायला तिसरं पात्र नाही.

नाटक 1980 साली लंडनमध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. लिव्हरपूलच्या सलूनमध्ये केस कापणारी 26 वर्षांची रीटा मुक्त विद्यापीठात नाव घालते आणि शिकवायला मिळतो फ्रँक: पन्नाशीचा, कविता लिहिणं सोडलेला, पुस्तकांमागे बाटल्या लपवणारा प्राध्यापक. रसेल स्वतः शाळा सोडून बायकांच्या सलूनमध्ये काम करत होता आणि नंतर पुन्हा शिकला. त्यामुळे सलूनमधल्या बायकांची बोलणी त्याने लांबून पाहून लिहिलेली नाहीत, हे वाचताना लगेच कळतं.

मराठी प्रेक्षकाला हटकून ‘ती फुलराणी’ आठवणार. फरक दिग्दर्शकाने पहिल्या वाचनालाच नटांना सांगावा. तिथे पैज लागते आणि मुलगी घडवली जाते. इथे रीटा स्वतः चालत येते. फ्रँक तिला शिकवायला नकार देतो, तरी ती मागे हटत नाही. नाटक पुढे नेते ती रीटाच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बोलीत. खान्देशी बोली घालायची हे ठरवणं सोपं, पण कुठली रीटा? धुळे, अमळनेर, पारोळ्याकडची असेल तर अहिराणीतलं ‘माले’, ‘शे’ येईल. यावल, रावेर, भुसावळकडची असेल तर लेवा गणबोलीतलं ‘मले’, ‘हाये’. दोन्हींची खिचडी केली तर इथला प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला पकडतो. नटीला जी बोली घरून येते तीच घ्या. त्याहून मोठी चूक म्हणजे प्रवेशागणिक तिचा उच्चार ‘शुद्ध’ करत नेणं. मूळ संहितेत असं होत नाही. दुसऱ्या अंकात रीटा मैत्रिणीच्या नादाने एका प्रवेशात मुद्दाम उसना आवाज लावते, फ्रँक हैराण होतो आणि ती तो सोडून देते. बदल दिसतो तो तिच्या म्हणण्यात: आधी स्वतःचं मत ताडकन मांडणारी बाई पुढे तयार, टिपणातली मतं मांडू लागते. म्हणून पहिल्या अंकातली बोली हशा मिळवायला वापरली की नाटक तिथेच गेलं. पुढे तिचं काय हरवलं हे कळायचं, तर आधी तिच्याकडे काय होतं ते दिसायला हवं. बहिणाबाईंच्या मुलखात हे वेगळं सांगायची गरज पडू नये. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची कविता इथे घराघरात पाठ असते.

उदाहरणादाखल इब्सेनचा प्रसंग. त्याचं ‘पीअर गिंट’ हे नाटक रंगमंचावर आणताना येणाऱ्या अडचणी कशा सोडवाल, असा निबंध फ्रँक मागतो. रीटा एका ओळीत उत्तर आणते: रेडिओवर करा. प्रेक्षक हसतो, हसू द्या. पण उत्तर बरोबर आहे हे फ्रँकच्या चेहऱ्यावर आधी उमटलं पाहिजे. तो नुसताच डोक्याला हात लावून बसला तर रीटा विनोदी पात्र होऊन बसते.

रूपांतर करणाऱ्यांसाठी काही गोष्टी. तिचा व्यवसाय बदलू नका. डाळ मिल किंवा केळीचं पॅकिंग जळगावला जवळचं वाटेल, पण शेवट रीटाने फ्रँकचे केस कापण्यावर आहे. कात्री हातात सराईतपणे धरणारी बाई हवी. ब्यूटी पार्लर चालेल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, त्यामुळे संदर्भ समजावत बसावं लागत नाही. अडचण वेगळी आहे: आपल्याकडे अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रं सगळ्यांची मिळून होतात, एकास एक शिकवणी नसते. ती दोघं दर वेळी एकटी का भेटतात याचं कारण पहिल्या प्रवेशात दोन वाक्यांत द्या. खोली कॉलेजातलीच ठेवा. फ्रँकच्या घरी नेलीत तर एकटी बाई दारू पिणाऱ्या माणसाच्या घरी जाते, एवढ्यावरच प्रेक्षकाचं लक्ष अडकतं.

नवरा डेनी, आई, मैत्रीण ट्रिश यांपैकी कोणालाही रंगमंचावर आणू नका. डेनीला मूल हवं आहे. ती चोरून गोळ्या घेते हे त्याला कळतं आणि तो तिची पुस्तकं जाळतो. हे आपण फक्त तिच्या तोंडून ऐकतो, आणि म्हणूनच ते जास्त भाजतं. 1983 च्या सिनेमात बाहेरचं जग आणि ही माणसं दिसतात, म्हणून सिनेमा बघून नाटक बसवायला घेऊ नये.

खरा कस पहिल्या अंकाच्या शेवटाकडे लागतो. फ्रँक तिला घरी जेवायला बोलावतो. ती वाइन घेऊन दारापर्यंत जाते, खिडकीतून आतली माणसं बघते आणि परत फिरते. मग पबमध्ये घरच्यांसोबत बसते. सगळे गात असतात आणि आई गाता गाता थांबते, रडते; याहून चांगली गाणी असायला हवीत, असं काहीसं म्हणते. पबच्या जागी काय ठेवायचं? श्रावणातल्या कानबाई देवीच्या जागरणाचा मोह होईल. तो टाळा. कानबाईची गाणी इथल्या बायकांची स्वतःची ठेव आहे. आईचं वाक्य तिथे आलं तर ते त्या ठेवीलाच कमी लेखतं आणि नाटकाचा अर्थ उलटा होतो. हळदीचा डीजे ठेवा. हे सगळं रीटा नंतर फ्रँकला सांगते; ते नटीने उभं राहून, हातातली पिशवी न सोडता सांगावं. रडणं आईचं आहे, रीटाचं नाही.

नेपथ्यात सगळा जीव दारात आहे. रीटाची पहिली एंट्री अडकलेल्या दाराशी झटापट करत होते, पुढे तीच त्याला तेल घालते. कापडी फ्लॅटमध्ये, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या भिंतीत, बसवलेलं दार ओढलं की सगळी भिंत हलते. चौकट 3 बाय 2 इंच लाकडाची घ्या, दोन्ही बाजूंना मागून टेकू द्या, प्रत्येक टेकूवर 20 किलोची वाळूची गोणी ठेवा. दार खरोखर अडकवू नका, प्रयोगात ते उघडणारच नाही. अडकण्याचा अभिनय बाहेरून मुठीवर करायचा. सहा फूट रुंद, पाच खणांच्या रॅकला साडेतीनशे-चारशे पुस्तकं लागतात, म्हणजे शंभर किलोच्या पुढे वजन. हाताला येणाऱ्या दोन खणांत खरी, बाकीच्यांत थर्माकोलवर चिकटवलेले पुठ्ठे. बाटलीत पातळ केलेला कोरा चहा.

प्रवेश छोटे आणि पुष्कळ आहेत. मधल्या अंधारात रीटाला तीस-चाळीस सेकंद मिळतात, त्यात साडी बदलत नाही. एकच सलवार-कमीज ठेवून ओढणी, पिशवी आणि केस बदला. दोन अंकांमध्ये मात्र पूर्ण पोशाख वेगळा. अंधार लांबला की दोन पात्री नाटकाची लय तुटते आणि पुन्हा जुळत नाही. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात करायचं तर हळू आवाजातले प्रवेश वाऱ्यात जातात, तिथे दोघांना कॉलर माइक लागतील. बंदिस्त सभागृह जास्त चांगलं.

पात्रनिवडीत संस्था रीटावर जीव लावतात आणि फ्रँक कुणालाही देतात. हे उलटं करावं असं आमचं ठाम मत आहे. रीटाच्या संवादांत दम आहे, ते चांगल्या नटीला तारून नेतात. फ्रँकला बहुतेक वेळ ऐकायचं असतं, पहिल्या अंकात तिच्याकडे ओढला जाताना आणि दुसऱ्यात मागे पडताना. त्याचं दारुडेपण रंगवणारा नट नको.

लेखकाचा हक्क चालू आहे, तेव्हा भाषांतराला हात लावण्याआधी प्रतिनिधीमार्फत लेखी परवानगी मागवा. उत्तराला महिने लागू शकतात. नंतर मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ही दोन्ही कागदपत्रं हातात आल्यावरच तालमीची जागा बुक करा.