गच्चीवरची अल्पाइन स्ट्रॉबेरी: पुण्यात दहा महिन्यांनंतर

आधी फळाच्या आकाराबद्दल. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डोळ्यांसमोर ठेवून बी मागवलंत, तर फसगत ठरलेली. ही फ्रागारिया वेस्का, युरोपातल्या रानस्ट्रॉबेरीचीच बारमाही फुलणारी जात. फळ करंगळीच्या पेराएवढं, जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमचं. वास मात्र असा, की पिकलेली चार फळं वाटीत ठेवली तरी खोलीत कळतं. बारा रोपांमागे हंगामात दर दोन-तीन दिवसांनी मूठभर फळं मिळतात. म्हणजे जॅम विसरा. येता-जाता तोंडात टाकायचं हे फळ आहे.

इथला अनुभव ‘रुगेन’ (लाल) आणि ‘यलो वंडर’ (पिवळट पांढरी) या दोन वाणांचा. दोन्हींना धावत्या (जमिनीवर पसरत जाऊन नवी रोपं देणारे फुटवे) फुटत नाहीत, त्यामुळे कुंडीत झुडूप आटोपशीर राहतं. पण नवी रोपं बियांपासून किंवा जुना गड्डा फोडूनच करावी लागतात. पक्षी लाल फळं टिपतात, पिवळ्यांकडे सहसा फिरकत नाहीत. बुलबुलांचा त्रास असेल तर यलो वंडर घ्या. फळ पिकलं की नाही हे तिच्यात रंगावरून नाही, हात लावून कळतं: पिकलेलं फळ देठाची हिरवी टोपी मागे ठेवून अलगद सुटतं.

खरी परीक्षा बियांची. बी खसखशीएवढं. ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळून झिपच्या पिशवीत तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं (फ्रीझरमध्ये नव्हे), मग ट्रेमध्ये वर नुसतं पसरायचं. मातीखाली दाबू नका, उगवायला उजेड लागतो. झारीने पाणी घातलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं, स्प्रे वापरा. वर पारदर्शक झाकण, रोज थोडा वेळ उघडं. दोन ते चार आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, कोंब दिसतात, तेही इतके बारीक की शेवाळ समजून ट्रे टाकून द्यावासा वाटतो. टाकू नका. बी ऑगस्टच्या सुरुवातीला पेरलं, तीन-चार खरी पानं आल्यावर रोपं छोट्या कपात आणि ऑक्टोबरअखेर आठ इंची कुंडीत एकेक लावली. फुलं डिसेंबरात, पहिली फळं जानेवारीत.

लावताना गड्ड्याचा मध्य, जिथून नवी पानं निघतात तो, मातीच्या वरच हवा. गाडला गेला की पाणी साचून कुजतो. रोपं मरण्याचं हे पहिलं कारण. मिश्रण: दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग भाताचं तूस. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या. त्यातले क्षार राहिले तर पानांच्या कडा करपतात आणि आपण पाणी कमी पडलं समजून आणखी ओतत बसतो.

बोअरचं जड पाणी याला मानवत नाही. पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा दिसू लागला, तर ती लोहाची कमतरता: माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पाकिटावरच्या प्रमाणात चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) दिलं की नवी पानं सुधारतात, जुनी नाही. कायमचा उपाय म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी.

रोप हलवल्यावर सैल लागलं आणि पाणी असूनही कोमेजलं, तर कुंडी उपडी करा. हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) सापडेल. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती येते, म्हणूनच वरच्या मिश्रणात शेणखत नाही. वेडीवाकडी, एका बाजूने कडक फळं आली तर तो रोग नव्हे, अपुरं परागीभवन. बंदिस्त बाल्कनीत सकाळी मऊ ब्रश फुलावरून फिरवा.

मार्चपासून चित्र बदलतं. पारा पस्तिशीपार गेला की नवी फुलं जवळजवळ थांबतात आणि पानांखाली लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) येतो. पन्नास टक्के शेडनेट, सकाळचंच ऊन, पानांच्या खालून पाण्याचा फवारा. एवढ्यावर बारापैकी नऊ रोपं मे महिन्यात तग धरून आहेत. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या भट्टीसारख्या तापतात. गेलेली तिन्ही रोपं त्यांतलीच.

नाशिक-पुण्याकडे घ्यायला हरकत नाही. कोकणात किंवा विदर्भात उन्हाळ्यासाठी गार जागा नसेल तर पैसे घालू नका. आता ही नऊ रोपं पावसाआधी छपराखाली हलवायची आहेत. उघड्यावरच्या सततच्या पावसात गड्डा कुजतो आणि फळांवर राखाडी बुरशी चढते.