इंजिनीअरिंग ॲडमिशनच्या सरकारी ऑनलाईन प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा (CAP) फॉर्म भरायला कणकवलीतलं सेंटर, ४ स्टार

पोराच्या इंजिनीअरिंग ॲडमिशनसाठी पुण्यातल्या कुठल्या काउन्सिलरला पॅकेजचे पैसे भरायच्या आधी एकदा इथे जाऊन या. दुकानाचं नाव टाकत नाही, जुलैत तिथे तसंही उभं राहायला जागा नसते, पटवर्धन चौकात कॅपवाल्या ताई कुठे बसतात विचारा कोणीही सांगेल. झेरॉक्स, पॅनकार्ड, सातबारा सगळं त्याच टेबलावर चालतं.

ताई सीईटीचं पर्सेंटाईल नंतर विचारतात, आधी विचारतात बारावी कुठून केली. आपल्याकडे सगळ्यांचा डोळा कोल्हापूरवर, फोंडा घाट चढला की आलंच, पाहुणे पण तिकडेच, पण बारावी सिंधुदुर्गातून झाली की आपली होम युनिव्हर्सिटी मुंबई, कोल्हापूर शिवाजी विद्यापीठात म्हणजे आपण बाहेरचे. बऱ्याच कॉलेजात ७० टक्के जागा होमवाल्यांना आणि ३० बाहेरच्यांना. रात्रभर तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसून जायचं ती मुंबई घरची आणि घाटावरचं कोल्हापूर परकं, काय बोलणार. ताईंनी गेल्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडून कोडचं शेवटचं अक्षर दाखवलं, एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यभराचे. तेच कॉलेज तीच ब्रँच आणि आकडे वेगळे. हे कळल्याशिवाय कटऑफ वाचण्यात काही अर्थ नाही.

मेन काम ऑप्शन फॉर्मचं, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीच्या यादीचं. शेजारच्या काकांना पॅकेजवाल्याने यादी दिलेली, कटऑफ उतरत्या क्रमाने लावलेली, बस. ताईंनी ती बाजूला ठेवली आणि काकांच्या पोरालाच विचारलं, तुला खरंच कुठे जायचंय? सिस्टम यादी वरून खाली वाचते, वरचं नाही मिळालं तर खालचं बघते, वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचा चान्स जात नाही. फक्त २०२५ पासून चार राऊंड झालेत आणि पहिल्यात एक नंबरचं ऑप्शन मिळालं तर सीट फ्रीज म्हणजे तीच पक्की, दुसऱ्यात पहिल्या तीनातलं, तिसऱ्यात पहिल्या सहातलं. मग पुढच्या राऊंडला जाता येत नाही, नको असेल तरी. त्यामुळे मित्राने टाकलं म्हणून वरती काहीही टाकायचं नाही, यावर ताई जाम ओरडतात.

आमच्या मुलीच्या वेळी त्यांनी मे महिन्यातच नॉन क्रिमीलेअरचा दाखला काढायला पाठवलं. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर २०२४-२५ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण सीट कॅपमधून लागली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. होस्टेल-मेस आपल्याच खिशातून. मग मुंबईचं प्रायव्हेट की रत्नागिरीचं गव्हर्नमेंट इंजिनीअरिंग हा हिशोब फीवर नाही, राहण्याखाण्यावर येतो, आणि तो त्यांनी कागदावर मांडून माझ्यासमोर मुलीलाच करायला लावला. मला गप्प बसवलं, बरं केलं.

आता एक स्टार का कापला. ताईंचं सगळं लक्ष कॉम्प्युटर ब्रँचवर, सिव्हिल म्हटलं की तोंड वाकडं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या फिशरीज कॉलेजचं विचारलं तर सरळ हात वर, ती प्रोसेस वेगळी आहे मान्य पण कोकणात बसून एवढं तरी माहीत हवं ना. लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त पीसी चालतात, पंखे नाही. आणि सगळ्यांचे लॉगिन पासवर्ड एका वहीत, ती वही टेबलावर उघडी! नंबर आपलाच द्या, ओटीपी आपल्याच मोबाईलवर घ्या, घरी आल्यावर पासवर्ड बदला.

फॉर्मचे ३०० घेतात, प्रत्येक राऊंडला ऑप्शन बदलायचे वेगळे ५०. रविवारी बंद, राऊंड चालू असेल तर उघडं.